ओढ्यापलीकडचे पाणी

जमिनीच्या वर बांध असतात. कुणाचे वावर कुठे संपते आणि कुणाचे कुठे सुरू होते, हे गावातले शेंबडे पोरही सांगते. जमिनीच्या खाली मात्र बांध नसतो. तिथे खडक असतो, खडकात भेगा असतात, आणि त्या भेगांतून पाणी आपल्या चालीने सरकत असते. ते कुणाच्या विहिरीत उतरेल, हे सातबाऱ्यावर लिहिलेले नसते.

कुसाबाईला हे कुणी शिकवावे लागले नव्हते. दिंडोरीच्या बाजूला ओढ्याकाठी तिचा द्राक्षांचा मळा होता. नवरा कारभारी, पोरांचे अण्णा, जाऊन बरीच वर्षे झाली. त्याच्या हयातीत विहीर खणली तेव्हा पेठकडच्या डोंगरातून आलेल्या मजुरांनी दगडमाती उपसली. त्यांतली कमळाबाई नावाची तरणी बाई डोक्यावर पाटी घेऊनही गाणे म्हणायची. काम संपले तरी ती माणसे परत गेली नाहीत. ओढ्याच्या पलीकडे गायरानात त्यांची वस्ती झाली. पुढे तिथे एक सरकारी विहीर झाली. खोल नव्हती, पण उन्हाळ्यातही कधी आटली नाही. वस्तीतली माणसे कुसाबाईच्या आणि आजूबाजूच्या मळ्यांत कामाला येत. कमळाबाई आता म्हातारी झाली होती, आणि कुसाबाईही.

यंदा एप्रिलची छाटणी झाली आणि कुसाबाईच्या विहिरीने तळ दाखवला. मोटार दहा मिनिटे चालायची आणि हवा ओढायला लागायची. द्राक्षाचे असे आहे की छाटणीनंतर ज्या नव्या काड्या फुटतात, त्यांच्या डोळ्यांत, म्हणजे पेरावरच्या बारीक कोंबांतच, पुढच्या वर्षीचा घड तयार होत असतो. तो वरून दिसत नाही, पण त्याच दिवसांत वेल तहानलेली राहिली, तर पुढच्या वर्षी नुसती पाने मोजत बसायचे.

"आडवे बोअर मारू," हर्षल म्हणाला. हा कुसाबाईचा मुलगा. मळा तोच बघायचा.

आडवे बोअर म्हणजे विहिरीच्या तळाशी मशीन उतरवायचे आणि बाजूच्या खडकात मुठीएवढे भोक पाडत न्यायचे. एकीला दुसरी लोखंडी दांडी जोडत गेले की भोक लांबच लांब जाते. वर उभ्या असलेल्या माणसाला ते कुणाच्या वावराखालून चालले आहे, हे दिसत नाही.

वाळू नावाचा मिस्त्री आपली टोळी घेऊन आला. विहिरीवर यारी, म्हणजे खाली-वर ने-आण करणारी क्रेन, उभी राहिली. पाळण्यात बसून वाळू खाली गेला आणि तिथूनच ओरडला, "आजी, खाली लय गार हाय! या, एसी लावलाय तुमच्यासाठी!"

"तूच बस बाबा एसीत. मला वर नेणारा येईल तेव्हा येईन खाली," कुसाबाई म्हणाली, आणि वरची पोरे हसली.

पूर्वेकडे मारले. नुसता कोरडा भुगा आला. उत्तरेकडे मारले. खडक ओलसर निघाला, पण धार धरेना. तिसऱ्या दिवशी हर्षल म्हणाला, "आता पश्चिमच राहिली."

"पश्चिमेला ओढा हाय. त्याच्यापल्याड कमळीची विहीर."

"ओढ्यापर्यंतच जायचं ना, आई. वाळूभाऊ दांड्या मोजतो की."

"मोजतो, आजी. आईशप्पत मोजतो."

कुसाबाई बांधावर बसून राहिली. मशीनचा आवाज जमिनीतून तळपायाला लागत होता. दुपार कलली तेव्हा वाळूची हाक आली. "हर्षलभाऊ, ओढा आला! पन इथं गाळ येतोय, काळा गाळ! अजून चार दांड्या घातल्या का फुटतंय बघा!"

हर्षलने आईकडे पाहिले.  मळ्याची मालकी तिच्या नावावर होती आणि पश्चिमेला नको, हेही तीच बोलली होती. कुसाबाईने मळ्याकडे पाहिले. कोवळ्या शेंड्यांनी माना टाकल्या होत्या. कारभारीने स्वतःच्या हातांनी रोवलेल्या खांबांवर तारा मोकळ्याच तापत होत्या.

"घाल," ती म्हणाली.

पाणी लागले तेव्हा विहिरीतून असा आवाज आला की यारीवरचा माणूस दचकून मागे सरला. वाळू भिजून वर आला. हर्षलने दिंडोरीहून पेढे आणले. संध्याकाळी कामावरून परतणाऱ्या कमळाबाईच्या हातावर कुसाबाईने स्वतः पेढा ठेवला.

"पानी लागलं? बरं झालं बाई," कमळाबाई म्हणाली. "तुमची बाग जगली तर आमची चूल जगल." आणि अर्धा पेढा नातीसाठी पदरात बांधून ती ओढा उतरून गेली.

आठवडाभरात वस्तीच्या विहिरीतून बादलीला चिखल यायला लागला.

का, हे कुसाबाईला लगेच कळले. वस्तीची विहीर उथळ. बोअर तिच्या तळाच्याही खालून गेलेले. वर भरलेल्या माठाला खालून भोक पाडावे, तसे झाले होते. तिला रात्री जेवण गेले नाही. पण सकाळी कमळाबाई हंडा घेऊन आली आणि म्हणाली, "आमची विहीर रुसली गं, कुसाबाई," तेव्हा कुसाबाईच्या तोंडून एवढेच निघाले, "मग इथून ने. सगळ्यांना सांग."

रोज सकाळी वस्तीतल्या बाया मोटारीपाशी रांग लावू लागल्या. हर्षल पाइप सोडून द्यायचा. बाया जाताना कुसाबाईला हात जोडायच्या. कमळाबाईचा मुलगा किशोर एकदा डोंगराकडून करवंदांची पाटी घेऊन आला. "आई बोलली, उन्हाळ्यात कोन कोनाला पानी देतो? पहिली पाटी तुमची." कुसाबाईने ती पाटी देवापुढे ठेवली. एकही करवंद तिने तोंडात टाकले नाही. दोन दिवसांनी करवंदे आंबली, तेव्हा उकिरड्यावर टाकून दिली.

तिने हर्षलजवळ विषय काढला.

"आपण देतोय ना त्यांना पाणी?" तो म्हणाला. "मग? उलट त्यांचे ओढायचे कष्ट वाचले."

"त्यांना माहीत नाय, हर्षल."

"मग सांगू नको."

सांगायची गरजच पडली नाही. वस्तीतल्या दोन लेकरांना जुलाब झाले. तळाचा गढूळ घोट कुणीतरी प्यायले असणार. ग्रामपंचायतीचा पाण्याचे काम बघणारा भिका ब्लीचिंग पावडरची बादली घेऊन आला. एरवी भरलेल्या विहिरीत जेवढी टाकायचा, तेवढीच त्याने त्या तळाच्या डबक्यात ओतली. कमी टाकली आणि पुन्हा लेकरे आजारी पडली तर बोलणी त्यालाच खावी लागली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुसाबाईच्या नातीने, हर्षालीने, चहाचा कप खाली ठेवला.

"आज्जी, चहाला नाशिकच्या स्विमिंग पूलचा वास येतोय."

कुसाबाई तशीच बाहेर गेली. मोटार सुरू होती. रांगेत पहिली कमळाबाई होती. शेजारच्या मळ्यातला निवृत्तीही फवाऱ्याचे नोझल मागायला आलेला तिथेच उभा होता. कमळाबाईने हंडा भरला, उचलायला वाकली आणि थांबली. तिने ओंजळीत पाणी घेऊन नाकाशी नेले. मग ओढ्यापलीकडे पाहिले. मग कुसाबाईकडे.

"ह्यो आमच्या विहिरीचा वास हाय," ती म्हणाली.

 पाइपाचे पाणी रिकामे वाहत होते.

"काल भिकाभाऊनं तिकडं पावडर टाकली, आन् ती हिकडं कशी आली, मालकीणबाई?" गेल्या चाळीस वर्षांत कमळाबाईने तिला चेष्टेतच मालकीणबाई म्हटले होते. आज चेष्टा नव्हती.

"कमळे, ऐक..."

"आमी हात जोडत होतो! आमच्याच पान्यासाठी तुमाला हात जोडत होतो, आन् तुमी जोडू देत होत्या!" तिने भरलेला हंडा आडवा केला. पाणी कुसाबाईच्या पायांवरून मळ्यात गेले. "पोराच्या हातून करवंदं पाठवली म्या."

बाकीच्या बायांनीही हंडे उपडे केले. एकामागून एक ओढा उतरून त्या निघून गेल्या.

निवृत्ती नोझल न घेताच गेला. जाताना तो ओढ्याकडे टक लावून पाहत होता, हे कुसाबाईच्या लक्षात आले, पण तेव्हा तिला त्याचे काही वाटले नाही.

त्या दिवशी मायलेकात जे बोलणे झाले ते सगळ्या मळ्याने ऐकले.

"भोक बुजव," कुसाबाई म्हणाली.

"अजून तीन आठवडे, आई. तीन आठवडे पाणी द्यायचंय बागेला. मग बुजवतो."

"तवर ती माणसं काय पितील?"

"टँकर मागवू."

"तुझा टँकर ती घेतील असं वाटतं तुला?"

"मग मी काय करू? बाग मारू? अण्णांनी लावलेली बाग?"

"घाल म्हणाली ती मी. तू नाय. अण्णाबी नाय. आता बुजव म्हणते तीबी मीच."

हर्षल बराच वेळ उंबऱ्यावर बसून होता. मग उठला आणि त्याने वाळूला फोन लावला. बाभळीचा खुंटा तासून, त्याला पोत्याचे ओले कापड गुंडाळून वाळूने तो भोकात ठोकला. हर्षल स्वतः खाली उतरला होता. वर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. धार बंद झाली.

वेलींचे शेंडे आठवड्यात करपले. हर्षल मळ्यात जाईनासा झाला. वस्तीवरून कुणाला कामाला बोलावले नाही आणि कुणी आलेही नाही. पण कुसाबाई रोज सकाळी ओढा ओलांडून वस्तीच्या विहिरीवर जाऊन वाकून बघायची. पहिले काही दिवस कमळाबाई तिच्याकडे पाठ करून उभी राहायची. तळाला चिखल होता, चिखलच राहिला; बाया गावातून हंडे वाहून आणत. भेगांतून एकदा वाहून गेलेले पाणी असे मागे फिरत नाही. पाऊस जमिनीत मुरावा लागतो, त्याला वेळ लागतो. तरीही खुंटा बसल्यानंतर दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी चिखलावर बोटभर नितळ पाणी दिसले.

"दिसलं का?" कुसाबाईने विचारले.

कमळाबाई वाकली. किती तरी दिवसांनी ती कुसाबाईच्या शेजारी उभी राहिली होती. "दिसतंय खरं," ती म्हणाली. मग म्हणाली, "किशोर नाशिक रोडला बघून आला. बिल्डिंगचं काम हाय. घर पन देतात, पत्र्याचं. म्या बोलली थांब, आठ दिस बघू."

"थांब," कुसाबाई म्हणाली. "चढतंय ते."

आणि ते चढत होते. बोटाचे वीतभर झाले. वस्तीतल्या बाया वाटीने नितळ पाणी घेऊन हंड्यात ओतू लागल्या. कमळाबाईने एका सकाळी कुसाबाईपुढे गुळाचा खडा आणि तांब्या ठेवला. कुसाबाई ते पाणी प्यायली. त्याला अजून पावडरीचा पुसट वास होता.

त्यानंतरच्या सोमवारी कुसाबाई ओढा उतरत असताना तिच्या तळपायांना जमिनीची थरथर लागली.

ती मागे वळली. निवृत्तीच्या विहिरीवर यारी उभी होती. वर वाळूचा माणूस दांड्या मोजत होता.

कुसाबाई धापा टाकत तिथे पोचली. "निवृत्ती, कुठल्या अंगाला मारतोस?"

"पश्चिमेला, काकू." त्याने तिला बसायला खुर्ची दिली. तो वाईट माणूस नव्हता. "माझ्या बागेनं पण माना टाकल्यात."

"तिकडं वस्तीची विहीर हाय. तुझ्या डोळ्यांदेखत झालं सगळं!"

"डोळ्यांदेखत झालं म्हणून तर कळलं, पाणी कुठं हाय ते. नाय तर मी तीन बाजू फुकट पाडल्या असत्या."

"मी बुजवलं ना रे माझं भोक. बाग गेली माझी."

"गेली, काकू, मी बघतोय ना," निवृत्ती हळूच म्हणाला. "पण तुम्ही सोडलेलं पाणी थोडंच तिथं राहणार हाय? मी नाय घेतलं तर माझ्या पलीकडचा मळेवाला घेईल. त्यानं वाळूला कालच ॲडव्हान्स दिलाय."

खालून वाळूची हाक आली. "भाऊ, गाळ लागला!"

"वाळू!" कुसाबाईने कठड्यावर वाकून हाक मारली. "वाळू, थांब रे!"

मशीनच्या आवाजात खाली काही ऐकू गेले नाही. किंवा गेले असेल. पुढची दांडी आत गेली.

मशीनची थरथर वस्तीवरही पोचली होती; दुपारी तिथे पिकअप आली. भांडी, गोधड्या, पत्रे, एक शेळी, सगळे तीत मावले. कमळाबाई मागे बसली. कुसाबाई तिथे पोचली तेव्हा गाडी सुरू झालेली होती.

"कमळे, यंदाचा पाऊस होऊ दे. मग ये."

"पाऊस होईल," कमळाबाई म्हणाली. "पन तो खाली राहील का, कुसाबाई?"

गाडी गेली. कुसाबाईने वस्तीच्या विहिरीत डोकावून पाहिले. वीतभर नितळ पाणी अजून होते. ती बघत असतानाच त्याच्या कडेला ओल्या खडकाची एक काळी रेघ उघडी पडली आणि हळूहळू रुंद होत गेली.

ती घरी आली तेव्हा निवृत्तीच्या बायकोने पाठवलेला पेढ्यांचा पुडा ओट्यावर ठेवलेला होता. हर्षाली तो उघडत होती.

"आज्जी, त्यांच्याकडं पाणी लागलं!"

कुसाबाईने तिच्या हातातून पुडा काढून घेतला. मग तिला जवळ बसवले आणि ओट्यावरच्या धुळीत बोटाने एक ओढा काढला, त्याच्या अलीकडे दोन विहिरी आणि पलीकडे एक.

"ही कुणाची?" हर्षालीने पलीकडच्या विहिरीवर बोट ठेवून विचारले.

कुसाबाईने अलीकडच्या दोन्ही विहिरींपासून ओढ्याखालून तिच्यापर्यंत बोटाने एकेक रेघ ओढली.