देवाने अडवलेली गाडी

आमच्या अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दोन गोष्टींचा भारी अभिमान होता. एक देवळातला मान आणि दुसरा मुंबईहून आणवलेला बिनतारी माईक. सगळ्या गावासाठी देवापुढे मागणं मागायचं, म्हणजे गाऱ्हाणं घालायचं काम पिढ्यान् पिढ्या आमच्याच घरात. पण वायर नसलेला माईक हातात धरून, देवळाभर फिरत गाऱ्हाणं घालणारे पंचक्रोशीत अप्पाच पहिले. हौसेला मोल नसतं म्हणतात. अप्पांच्या हौसेला आवरही नव्हता.

अठ्ठ्याऐंशी साली मिठबावचा विश्राम मला बघायला आला तो दुबईची हौस घेऊन. तिथून आणलेलं एक यंत्र त्याने आपल्या फियाटला बसवून घेतलं होतं. लांबून बटण दाबलं की दार बंद, पुन्हा दाबलं की उघडं. पोहे झाल्यावर ते बटण त्याने माझ्याच हातात दिलं. ओटीवरून मी दाबलं आणि माडाखाली उभ्या गाडीने दिवे मिचकावले. मी हसले, तोही हसला. मला मुलगा आवडला, हे सांगायला मला तेव्हाही लाज वाटली नाही आणि आजही वाटत नाही.

साखरपुडा जत्रेच्या दिवशी देवासमोर करायचा ठरला. विश्राम आणि त्याचे काका दाजी पूजा सुरू व्हायच्या आधीच पोचले आणि गाडी देवळासमोर लावून, बटणाने दार बंद करून पाया पडायला आत गेले. साडी, अंगठी, साखरेचा पुडा सगळं गाडीत. खरी किल्लीही गाडीतच, कारण बटण असताना किल्ली कोण बाळगतो? मुहूर्ताला सामान काढायला विश्राम बाहेर आला आणि बटण दाबून दाबून त्याचा अंगठा लाल झाला, पण दार उघडेना.

शेवटी त्याने काच फोडायला दगड उचलला. अप्पांनी त्याचा हात धरला. शुभकार्यात काच फुटलेली त्यांना चालणार नव्हती. पूजा सुरू झाल्यापासून हातातला माईक त्यांनी खाली ठेवलाच नव्हता. तोच तोंडाशी धरून, गाडीच्या अगदी पुढ्यात उभं राहून त्यांनी गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकरांच्या वाटेत जा काय वाकडा इला असात ता दूर कर, आणि ह्या दार उघड रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळा गाव म्हणाला.

विश्रामने दाबलं. काही नाही. अप्पांनी आवाज चढवून पुन्हा गाऱ्हाणं घातलं, त्याने पुन्हा दाबलं. असं करता करता मुहूर्त टळला.

मग अप्पा थांबले. त्याच माईकवर, साऱ्या गावासमोर म्हणाले, "देवाची मर्जी नाय." दाजींनी आधी समजूत घातली, मग ते चिडले. मला कुणी विचारलं नाही. देवाने कौल दिल्यावर मुलीला कोण विचारतं? अप्पांनी माईक बंद करून पेटीत ठेवला. विश्रामने वळता वळता, केवळ सवयीने, बटण दाबलं आणि टक करून दार उघडलं. लोकांनी हात जोडले. लग्न मोडलं तशी गाडी सुटली, याहून उघड कौल तो कुठला? विश्रामने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. तेवढी एकदा वर ठेवायला हवी होती, असं अजून वाटतं.

वैशाखात त्याचं लग्न झाल्याचं कळलं. मुलगी आचऱ्याची.

पुढच्या जत्रेला कणकवलीचे एक डॉक्टर आले. त्यांच्या गाडीलाही तसलंच बटण होतं. दर्शन घेऊन निघाले तर दार उघडेना. लोक कुजबुजायला लागले. डॉक्टर मात्र देवाकडे न बघता सरळ अप्पांकडे आले आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "जरा तो माईक बंद करता का? तो आणि माझं हे बटण, दोन्ही बिनतारी आहेत, एकमेकांच्या आड येतात. आमच्याकडे भजनाच्या वेळी हाच ताप होतो."

अप्पांनी माईक बंद केला. टक. डॉक्टर आभार मानून निघून गेले. त्यांच्या लेखी गोष्ट तिथेच संपली.

अप्पा उरलेली जत्रा टाकून घरी आले. मी ओटीवर तांदूळ निवडत होते. ते खाकरून समोर बसले.

"देवान तुझी वाट अडवूकच नाय गो, चेडवा."

मी सूप खाली ठेवलं.

"देव काय म्हणता ता आयकूक तुमी माईक बंद केलात खंय, अप्पा?"

अप्पा उठून आत गेले. माईकची पेटी माळ्यावर गेली ती गेलीच. पुढे ते नुसत्या आवाजात गाऱ्हाणं घालायला लागले. मागे उभ्या असलेल्यांना एक शब्द कळत नसे, तरी सगळे "व्हय म्हाराजा" म्हणत. मी मात्र पुन्हा कधी म्हटलं नाही.