सकाळी सहाचा रिपोर्ट

फौजेत वीस वर्षं काढूनही ज्याला वेळ पाळता येत नाही, त्याने सरळ निवडणुकीला उभं राहावं, असं माझं मत आहे. मी रिटायर्ड हवालदार सीताराम. विश्रांतवाडीतून रोज सकाळी सहाच्या ठोक्याला मी बिबवेवाडीत संपतला फोन लावायचो. पहिल्याच रिंगला तो उचलायचा. तो म्हणायचा, "सब ठीक, उस्ताद." मी म्हणायचो, "सब ठीक." फोन बंद. आठ महिन्यांत एका दिवसाचा खाडा नाही. मला ह्याचा भारी अभिमान होता.

फोनची कल्पना ललिताबाईंची. त्या फौजेतल्याच डॉक्टर, माझ्यासारख्याच रिटायर झालेल्या. दर शनिवारी दुपारी चारला विहारामागच्या हॉलमध्ये त्या आम्हा आठ माजी सैनिकांना जमवायच्या. आम्ही दहा मिनिटं आधी पोचून खुर्च्या सरळ रांगेत लावायचो. बाई आल्या की त्या गोल करायला सांगायच्या. पुढच्या शनिवारी पुन्हा रांग, पुन्हा गोल. त्यांचा नियम एकच होता, हुद्दा चपलांबरोबर दाराबाहेर काढून यायचा. त्यांनीच आम्हाला समजावलं होतं की आपल्याला जे झालंय त्याला पीटीएसडी म्हणतात, म्हणजे मनात रुतून बसलेला धक्का, तो आजार आहे, भित्रेपणा नव्हे. गोळ्या डॉक्टर देईल, पण जे बघितलं ते ज्याने बघितलंय त्याच्याशीच बोललं तर हलकं होतं. म्हणून त्यांनी आमच्या जोड्या लावल्या. फौजेत प्रत्येकाला एक 'बडी' असतो, तुम्ही त्याला सांभाळायचं, त्याने तुम्हाला. इथेही तसंच. रोज सकाळी एकमेकांना फोन करायचा आणि विचारायचं, कसं वाटतंय.

संपत माझ्या वाट्याला आला. तो नाईक, मी हवालदार. हुद्दा चपलांबरोबर काढला तरी निघताना पायात चढतोच. खालच्याने वरच्याला रिपोर्ट द्यायचा आणि रिपोर्ट ठीकच असायचा, हे आमच्या हाडात मुरलेलं. पहाऱ्यावरच्या जवानाच्या अंगात एकशे दोन ताप असला तरी साहेब समोर आले की तो 'सब ठीक' म्हणतो. दोनच दिवसांत आमच्या फोनचा तो रिपोर्ट झाला. आम्ही तसं ठरवलं नव्हतं, पण दोघांनाही ते सोयीचं होतं. ललिताबाईंनी एकदा विचारलं, तुम्ही दोघं काय बोलता? मी म्हटलं, रोज बोलतो, अगदी नियमित. त्या माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, कौतुकाने बघतायत.

संपतची बिबवेवाडीत पिठाची गिरण होती. काश्मीरमध्ये त्याच्या पुढचा ट्रक सुरुंगावर गेला होता. तो आवाज त्याला आठवतही नाही, असं त्याने एकदा गोलात सांगितलं होतं. आठवते ती त्यानंतरची शांतता. म्हणून त्याने गिरण घेतली. दिवसभर घरघर चालू, मालक खूश. गुरुवारी आमच्या पुण्यात वीज जाते, तेवढा एक दिवस त्याला नको व्हायचा. पण मग शहरात मॉल उघडले, लोक पाकीटबंद पीठ गाडीत घालून नेऊ लागले, आणि गिरणीत आठवड्याचे पाच दिवस गुरुवार उजाडायला लागला. हे मला नंतर कळलं. आधी कळायला मी विचारायला हवं होतं.

माझं सांगायचं तर मी शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होतो, अठ्ठ्याऐंशी साली. पायवाटेच्या कडेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा पडला होता. बद्रीनाथने तो उचलला. बद्रीनाथ माझा बडी होता. एवढंच सांगतो, पुढचं मी गोलातही सांगितलेलं नाही.

तेव्हापासून बेवारस वस्तू दिसली की माझे कान गरम होतात. रिटायर झाल्यावर खराडीच्या एका आयटी कंपनीच्या गेटवर सुपरवायझर झालो. तिथे दिवसभर पोराटोरांच्या बॅगा तपासायच्या. गंमत बघा, संशय घ्यायचा म्हणून तिथे मला पगार मिळायचा, आणि घरी त्याच संशयाला आजार म्हणायचे. मागच्या दिवाळीनंतर एके दुपारी दारात एक खोकं दिसलं. वर नाव होतं, पण मी नाव वाचायला थांबलो नाही. इमारतीच्या तिन्ही मजल्यांवरची माणसं मी ओरडून रस्त्यावर काढली, खोकं उचललं आणि पाण्याने भरलेल्या पिंपात बुडवलं. आत कॅमेरा होता. आमची आम्रपाली बंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये आहे. कॉम्प्युटरवर आजीला नातीचं तोंड दिसावं म्हणून तिने तो पाठवला होता.

शालनने, म्हणजे माझ्या बायकोने, तो कॅमेरा पिंपातून काढला, पदराने पुसला आणि दोन दिवस उन्हात ठेवला. चालू झाला नाही. मग ती नातीला बघायला म्हणून बंगळूरला गेली. पंधरा दिवसांसाठी गेली होती. आम्रपालीचा फोन यायचा, बाबा, आई अजून थोडे दिवस राहील. थोडे दिवस म्हणजे किती हे मी विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं. मी दोन कप चहा ठेवायचो आणि दोन्ही मीच प्यायचो. घर इतकं रिकामं झालं होतं की भांडं ठेवल्याचा आवाज आला तरी बरं वाटायचं. हे मी गोलात सांगितलं नाही. शेजाऱ्यांना सांगितलं, बाळंतपण आहे. नात तेव्हा चार वर्षांची होती.

एकदाच संपतने रिपोर्ट मोडला. सकाळचे सहा, 'सब ठीक' झालं, आणि मी फोन ठेवणार तोच तो म्हणाला, "उस्ताद, वहिनी कशा आहेत?" मी गॅससमोर पातेलं घेऊन उभा होतो. मी म्हणालो, "मजेत. चहा ठेवतायत." तो "बरं" म्हणाला. नंतर पुन्हा त्याने कधी काही विचारलं नाही.

एप्रिलमध्ये संपत शनिवारी यायचा थांबला. पहिल्या वेळी म्हणाला, गिरणीवर गर्दी आहे. दुसऱ्या वेळी तेच. ललिताबाई मला म्हणाल्या, एकदा जाऊन बघून या. मी म्हटलं, गरज नाही, आज सकाळीच रिपोर्ट आलाय, ठीक आहे. तिसऱ्या शनिवारी खुर्च्यांचा गोल होतोय तोच दारात एक बाई येऊन उभी राहिली. तिने विचारलं, सीतारामभाऊ कोण? ती संपतची बायको, मुक्ताई. गिरणवालीच्या लुगड्याच्या ओच्याला पिठाचा कणही नव्हता, हे माझ्या लक्षात आलं, पण त्याचा अर्थ लागला नाही.

मुक्ताईने जे सांगितलं ते असं. गिरण तीन आठवडे बंद आहे. संपत आत जातो, शटर ओढून घेतो आणि बंद मोटारीशेजारी बसून राहतो. जेवण गिरणीच्या मागच्या दारातून आत ठेवायचं, अर्धं परत येतं. रोज सकाळी सहाला पाच कमी असताना तो मागच्या दाराने घरात येतो, दाढी करतो, फोनजवळ ताठ उभा राहतो, आणि फोन झाला की परत आत. आज मात्र फोन झाल्यावर त्याने मागच्या दाराला आतून कडी घातली. नवरा जिवाचं बरंवाईट करील, अशी तिला भीती वाटत होती.

मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, तुमच्या फोनापुरता माणूस उठतोया. मी रोज शेजारी उभी ऱ्हाते. वाटतं, आज तरी भाऊ पुढचं काय इचारतील. तुम्ही ठेवूनच देता."

तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. आठ महिन्यांचा माझा सगळा अभिमान तिने एका वाक्यात पिंपात बुडवला. ललिताबाई एवढंच म्हणाल्या, तुम्ही ह्यांच्याबरोबर ताबडतोब निघा, मी डॉक्टरांना घेऊन मागोमाग येते. आणि उस्ताद म्हणून जाऊ नका.

रिक्षा अर्ध्या शहरातून गेली. गिरणीसमोर दोन माणसं उगाच उभी होती. मी त्यांना घालवलं, तेवढं मला जमतं. मग शटरला हात लावला. ऊन लागून ते तापलं होतं. मी हाक मारली, "संपत."

आतून लगेच उत्तर आलं, खणखणीत. "सब ठीक, उस्ताद."

माझ्या तोंडात 'सब ठीक' तयारच होतं. वीस वर्षांच्या सवयीने ते जिभेवर येऊन थांबलं. ते बोललो असतो तर तो पुन्हा मोटारीला टेकून बसला असता आणि मी कर्तव्य केल्यासारखा घरी गेलो असतो. मी पायरीवर बसलो, शटरला पाठ लावून. हवालदाराने कुणाच्या पायरीवर असं बसायचं नसतं. काय बोलायचं ते मला माहीत नव्हतं. ललिताबाईंनी शिकवलेलं एकही वाक्य आठवेना. त्याला धीर द्यायला माझ्याकडे धीर नव्हता, खोटं मात्र भरपूर होतं. मग त्यातलंच एक काढून ठेवलं.

"संपत, शालन घरी नाही," मी म्हणालो. "पाच महिने झाले. मला सोडून गेलीय."

मी बोलत राहिलो. खोक्याचं सांगितलं, कॅमेऱ्याचं सांगितलं, पदराने पुसल्याचं सांगितलं. बद्रीनाथचं सांगितलं, पुढचंही, जे कुणाला सांगितलं नव्हतं ते. मी त्याला 'उचल' म्हणालो होतो. तो हसत वाकला होता. भर रस्त्यात, दिवसाढवळ्या, पुण्यासारख्या शहरात, जिथे लोक दुसऱ्याच्या रडण्यातही चुका काढतात, मी शटरला टेकून रडलो. मुक्ताई पदर तोंडाला लावून समोरच्या कट्ट्यावर बसून होती.

बराच वेळ गेला. मग माझ्या पाठीमागे, अगदी कानाजवळ, संपतचा आवाज आला. तोही पलीकडून पाठ लावून बसला असावा.

"मग चहा कोण ठेवत होतं?"

"मीच," मी म्हणालो.

"रोज?"

"रोज. दोन कप."

मग तो म्हणाला, "मला वाटायचं, उस्तादांचं सगळं नीट चाललंय. आपलंच काहीतरी सडलंय. कुणाला सांगायचं?" आणि मग कुलपाचा आवाज आला. शटर वीतभर वर झालं, तिथेच अडकलं. आतली शिळी, कोंदट हवा बाहेर आली. फटीतून त्याचा हात दिसला, दाढी करताना कापल्याचं रक्त बोटावर सुकलेलं. मी तो धरला. ललिताबाईंची गाडी येईपर्यंत आम्ही तसेच बसून होतो.

संपत तीन आठवडे दवाखान्यात राहिला. गिरण पुन्हा सुरू झालेली नाही, होईल असंही वाटत नाही. शालनला मी फोन केला आणि बद्रीनाथचं सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, हे तीस वर्षांत आधी कधी सांगितलं असतंत तर. वाक्य तिने पुरं केलं नाही, आणि ती अजून बंगळूरलाच आहे.

संपत घरी आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे उठलो. सहा वाजायला दोन मिनिटं कमी असताना माझाच फोन वाजला. आठ महिन्यांत त्याने कधी फोन लावला नव्हता, खालचा वरच्याला लावत नाही. मी उचलला.

"दादा," तो म्हणाला, "आज किती कप चहा ठेवलाय?"

मी पातेल्यात बघितलं.

"दोन," मी म्हणालो.

"मग ठेवू नका फोन," संपत म्हणाला. "माझाही उकळतोय."