हलक्या लाकडाचा बास

मास्तरांनी दाराकडे एकदा पाहून घेतलं आणि स्क्रू फिरवला. मग दुसऱ्या बाजूचाही तेवढाच फिरवला. बास गिटारीच्या पोटात बसवलेला पिकअप तारांपासून जरासा खाली गेला. चुंबकाची ही काळी पट्टी तारांची थरथर टिपते आणि स्पीकरकडे पाठवते. तारांपासून ती लांब गेली की तिला कमी ऐकू येतं, इतका सरळ हिशेब. मास्तरांनी पट्टीवरून बोट फिरवलं. डोळ्यात भरण्यासारखं काही नव्हतं. पण आज बास निवडायला येणाऱ्या लंबूच्या कानाला आवाज मिळमिळीत लागला असता, आणि मास्तरांना तेवढंच हवं होतं.

हा बास त्यांच्या बायकोने बनवला होता.

नवरा-बायको एकाच कारखान्यात राबतात म्हटल्यावर भांड्याला भांडं लागायचंच. तसं काही असतं तर बरं झालं असतं, भांडण मिटवता तरी येतं. मास्तरांना हेवा वाटत होता, आणि तोही लग्नाच्या बायकोचा. असलं दुखणं सांगणार तरी कुणाला? ऐकणारा आधी पोट धरून हसेल.

तिला शिकवलं कुणी? मास्तरांनीच. लग्नानंतर ती हिशेबाला म्हणून कारखान्यात बसू लागली, मग पॉलिश करू लागली, मग एक दिवस तिने रंधा मागितला. फळी दोन बोटांत लोंबती धरून दुसऱ्या हाताच्या पेराने टकटक करायची, आणि लाकूड बोलतं की मुकं राहतं ते ऐकायचं, हेही मास्तरांनीच शिकवलं. मास्तरांचं स्वतःचं मत मात्र एकच आणि कायमचं होतं: खर्जाला बूड हवं. महोगनीचं अंग, त्यावर शिसवीची जाड पाटी, मेपलची मान. वाजवणाऱ्याचा खांदा दुखला तर दुखला, औषधं मिळतात.

आणि मागच्या हिवाळ्यात बायकोने कोपऱ्यातली एक फिकट, हलकी फळी उचलली होती. माल भरून आलेल्या खोक्याची ती बाजू होती.

"अहो, हे ऐका."

"खोक्याचं लाकूड आहे ते."

"असू दे की. ऐका तर आधी."

मास्तरांनी ऐकलं होतं. नीटच ऐकलं होतं, म्हणून तर ते लगेच पाणी प्यायला बाहेर गेले.

लंबू म्हणजे उंचीने जेमतेम मास्तरांच्या खांद्याला लागणारा बासवादक. असली नावं कोण ठेवतं, देव जाणे. मिसरूड फुटल्यापासून तो मास्तरांचेच बास वाजवत आला होता. आता एका मोठ्या बँडने त्याला घेतलं होतं आणि वर्षभराचा दौरा ठरला होता. तो जो बास खांद्याला लावील तो हजारो माणसं ऐकणार, आणि त्यातले वाजवणारे विचारणार, कुणी बनवला? या प्रश्नाचं उत्तर मास्तरांनी मनात कितीतरी वेळा ऐकून ठेवलं होतं. तेवढ्यात लंबूचा फोन आला. "वहिनींनीही एक केलाय म्हणे. दोन्ही बघतो." तो 'म्हणे' मास्तरांच्या कानात दिवसभर वाजत राहिला.

कारखान्याचा एक नियम होता. बनवणाऱ्याने शेवटचा हात लावायचा नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. स्वतःच्या वाद्याचे दोष स्वतःच्या कानाला कळत नाहीत. म्हणून तारा चढवणं, पिकअप बसवणं, आवाज लावणं हे दुसऱ्याने करायचं. नियमही मास्तरांचाच. त्यामुळे त्यांचा बास काल बायकोने लावला होता, आणि तिचा आज मास्तरांच्या मांडीवर होता.

लंबू आला तो हसतच. आधी मास्तरांचा बास घेतला, अ‍ॅम्पला जोडला आणि खालची तार छेडली. कपाटाच्या काचा थरथरल्या.

"हे म्हणजे मास्तर," तो म्हणाला. "डोळे मिटून ओळखेन."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. ती खरोखरच खुशीत दिसत होती, आणि मास्तरांना त्याचाही राग आला.

मग लंबूने दुसरा उचलला. हलकेपणाने त्याचा हात नको तेवढा वर गेला. पहिला स्वर आला तो अगदीच बारीक. मास्तर खणात काहीतरी शोधू लागले. चेहरा लपवायला दुसरी जागा नव्हती. लंबू कुरकुरला नाही. त्याने अ‍ॅम्पचं आवाज वाढवायचं बटण थोडं पुढे सरकवलं आणि पुन्हा वाजवलं.

मास्तरांचा हात खणातच राहिला. स्वर मोकळा झाला होता. तो फुगत नव्हता की घुमत नव्हता, नुसता टिकून राहत होता. लंबूने दोन तारा एकदम छेडल्या, तर दोन्ही वेगवेगळ्या ऐकू आल्या. चुंबक लांब गेल्यावर तारांवरची त्याची ओढ कमी होते, हे मास्तरांना माहीत नव्हतं असं नाही. रागाच्या भरात माणसाला स्वतःचं शिक्षणही आठवत नाही.

लंबू बराच वेळ वाजवत राहिला. थांबला तेव्हा त्याने मास्तरांकडे पाहण्याचं टाळलं.

"वहिनी, काय केलंत हे?"

ती वाकली. पिकअपकडे तिने क्षणभर निरखून पाहिलं आणि सरळ उभी राहिली.

"मी कुठे काय? लाकूड तेवढं माझं. आवाज ह्यांनी लावलाय."

"कमाल आहे मास्तर."

"हलकं आहे," मास्तर म्हणाले. "खांद्याला बरं पडेल तुझ्या."

लंबूने तो हलका बास पेटीत घातला, मास्तरांच्या पाया पडल्यासारखं काहीतरी अर्धवट केलं, आणि बायको त्याला गाडीपर्यंत पोहोचवायला गेली.

कारखान्यात एकटे उरल्यावर मास्तरांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडू लागला. अरे, मग जिंकलं कोण? हात कुणाचा? आपला! वाईट करायला गेलेला असेना का, पण आपलाच. लाकडाचं काही नाही, सगळी करामत त्या स्क्रूची. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या पोटातली आग निवली. त्यांनी घाईघाईने स्वतःचा बास मांडीवर घेतला, त्याचा पिकअप अगदी तेवढाच खाली नेला, बटण पुढे केलं आणि तार छेडली.

आवाज रजईखालून आल्यासारखा आला.

त्यांनी बटण आणखी पुढे केलं. रजई तेवढी जाड झाली. वरच्या तारा छेडून पाहिल्या, बोटाऐवजी नखाने वाजवून पाहिलं. जड, सुंदर, चकचकीत लाकूड मांडीवर ढिम्म बसून होतं. मास्तर अजून एकदा छेडणार, तोच त्यांना दारात बायको दिसली. ती किती वेळ उभी होती कोण जाणे.

"तुमचा परत वर घ्या," ती म्हणाली. "त्याला जवळच लागतं. काल मी खाली घेऊन पाहिला होता, कोंदतो."

मास्तरांनी तार बोटाने दाबून बंद केली. म्हणजे काल ही बया त्यांचा बास वर-खाली करून, त्याला कुठे बरं वाटतं ते शोधत बसली होती.

ती आत आली. बाकावरचा भुसा तिने हाताने एका कडेला लोटला.

"माझा किती खाली घेतलात?"

खोटं बोलता आलं असतं. चुकून सैल राहिला, म्हणता आलं असतं.

"दीड फेरा."

"दोन्ही बाजूंनी?"

"दोन्ही."

तिने मान हलवली. राग नव्हता तिच्या तोंडावर. मापं लिहून घेताना असे तसाच चेहरा होता.

"बरं झालं कळलं ते," ती म्हणाली. "यापुढे माझे मीच लावेन."

"आणि माझे?" मास्तरांनी विचारलं. आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही.

"तुमचे मी लावतेच की. लावत जाईन." ती जवळ येऊन थांबली. "सरका जरा."

मास्तर स्टुलावरून उठले. ती बसली, त्यांचा बास मांडीवर घेतला आणि कान त्याच्याजवळ नेऊन तार छेडली.