दहाचा सायरन

दहाला वीस मिनिटं कमी असताना लीटियाने सायरनचं बटण दाबलं.

आगीच्या बंबाच्या शेडमध्ये, भिंतीवरच्या लाल पेटीतलं ते बटण गेली नऊ वर्षं तिच्याच अंगठ्याखाली होतं. रात्री ठीक दहाला दाबून धरायचं, मनात पंधरा मोजायचे आणि सोडायचं. मग सोळा वर्षांखालच्या पोरांनी जिथे असतील तिथून घर गाठायचं, असा गावाचा नियम. घड्याळ कोणी बघत नसे. ध्रुवाजवळच्या त्या गावात जूनमध्ये बघून उपयोगही नव्हता. सूर्य आभाळाच्या कडेकडेने फिरत राही, खाली म्हणून उतरत नसे. लोकांनी झोपायच्या खोल्यांच्या काचांना उजेड अडवायला चंदेरी कागद चिकटवलेला. रात्र झाली हे ठरवायचं काम सायरनचं, म्हणजे लीटियाचं.

शेडच्या उघड्या दारातून तिने बाहेर पाहिलं. किनाऱ्यावर चेंडू खेळणारी पोरं डाव टाकून धावत सुटली होती. एक लहानगा एकच बूट घालून पळत होता, दुसरा त्याच्या बगलेत. शेडमधल्या रेडिओवर नोआ घरोघरी खेळणाऱ्यांसाठी बिंगोचे आकडे पुकारत होता, तो मधेच थांबला.

"बी सात... थांबा, थांबा," नोआ म्हणाला. "लीटियाबाई, माझं घड्याळ बिघडलं की तुझं? अजून दोन डाव बाकी आहेत, बाई! माझ्या नातवाने कार्डं टाकून पळ काढला, आता माझे आकडे कोण खोडणार?"

घराघरांतून हसण्याचा आवाज आल्यासारखं तिला वाटलं. तिने फोन उचलून रेडिओ केंद्राला सांगितलं, "हात लागला चुकून," आणि ठेवून दिला.

हात चुकून लागला नव्हता. तिची नजर गावाच्या दुसऱ्या टोकाच्या निळ्या घरावर होती. सायरन चालू असतानाच त्या घराचं दार उघडलं होतं, तिची लेक सैला पायरीवर येऊन तिथेच उभी राहिली होती. सायरनचा शेवटचा सूर खाडीवरच्या बर्फावरून विरून जाईपर्यंत पोरगी हलली नव्हती. मग पायऱ्या उतरली, तीही रमत गमत.

पाय निघत नाही तिचा तिथून, लीटियाच्या मनात आलं, आणि छातीत काहीतरी जळत खाली गेलं.

निळं घर तिच्या नणंदेचं, ऊलायूचं. बारा वर्षांपूर्वी, अठराची असताना, ऊलायूने आपली नुकती जन्मलेली मुलगी दुसऱ्याच दिवशी भावाच्या आणि वहिनीच्या ओटीत घातली होती. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. या गावात चार घरांआड एक मूल असं दिलेलं असे, आणि आपल्याला कोणी जन्म दिला ते मुलालाही ठाऊक असे. त्याच हिवाळ्यात लीटियाची आई गेली होती, म्हणून मुलीला तिचं नाव दिलं, सैला. ज्याचं नाव, त्याचंच नातं. लीटिया त्या एवढ्याशा गाठोड्याला पहिल्या दिवसापासून 'आई' म्हणू लागली. पोरगी बोलायला लागली तेव्हा तिनेही उलट 'आई'च म्हटलं. घरात हाक आली की दोघी एकदमच ओ देत, आणि लीटियाचा नवरा कपाळाला हात लावत असे.

ऊलायू दूर शहरात नोकरी करत होती तोवर सगळं सुरळीत होतं. या हिवाळ्यात ती कायमची परत आली. आधी सैला आठवड्यातून एकदा आत्याकडे जाऊ लागली, मग एक दिवसाआड, आता शाळा सुटली की थेट तिकडेच. येताना नवीन टाके शिकून येई, नवीन गोष्टी ऐकून येई, आणि हसू मात्र तिथेच ठेवून येई, असं लीटियाला वाटे.

त्या दिवशी सैला घरात शिरली तेव्हा केसांच्या दोन वेण्या होत्या, लाल लोकरीने बांधलेल्या.

"आई, इकडे ये. वेणी सुटलीय तुझी," लीटिया म्हणाली.

"नाही सुटलेली. आत्ताच घातलीय आत्याने."

"सुटलीय म्हणते ना."

तिने दोन्ही वेण्या उकलल्या, लाल लोकर खिशात घातली आणि एकच घट्ट वेणी घालायला घेतली. सैलाने एकदा मान आखडली. मग म्हणाली,

"आज लवकर वाजवलंस."

"घड्याळ पुढे गेलं होतं."

"आत्याचं घड्याळ बरोबर आहे."

लीटियाने शेवटचा पेड जरा जास्तच ओढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ग्रामसभेला अर्ज लिहिला. शाळेत पोरं पेंगतात, सबब सायरन दहाऐवजी नऊला व्हावा. अर्ज नोआच्या हातात द्यायचा होता, कारण बिंगो सोडून उरलेल्या वेळात नोआ गावचा मुखियाही होता. त्याने चष्मा कपाळावर चढवून कागद डोळ्यांजवळ नेला.

"जूनमध्ये नऊला पोरांना आत कोंडायचं? मग सूर्यालाही नोटीस काढ. तोही अल्पवयीन दिसतोय, रात्रभर बाहेर असतो."

"थट्टा नको, काका."

"शाळा तर पुढच्या आठवड्यात संपतेय. पोरं पेंगतात कुठे?" त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. म्हातारा वेडा नव्हता. कागदाची घडी घालून खिशात ठेवत तो म्हणाला, "बरं. सोमवारच्या बैठकीत वाचतो. तोवर मागे घ्यावासा वाटला तर सांग."

"नाही वाटणार."

गावात बातमीला पाय लागत नाहीत, पंख असतात. त्याच संध्याकाळी, दहाला दहा मिनिटं असताना, शेडच्या दारात ऊलायू उभी राहिली. हातात कापडात गुंडाळलेली भाकरी होती, अजून गरम. लीटियाने स्टूल पुढे केलं नाही.

"वहिनी, तू नऊ करणार म्हणे."

"नियम गावाचा असतो. मी कोण करणार?"

"भांडायला नाही आले मी," ऊलायूने भाकरी बंबाच्या चाकावर ठेवली. "नऊ कर. आठ कर. मला बरंच वाटेल, तो भोंगा तेवढा लवकर वाजून संपेल."

लीटियाला हा टोमणा वाटला. तिने घड्याळाकडे पाहिलं.

"खरंच सांगते. तुला माहीत आहे, तुझा सायरन झाला की काय होतं माझ्या घरात? सीलच्या कातड्याचा हातमोजा शिवत असते ती, मी शेजारी. सुई अर्धी कातड्यात, अर्धी बाहेर. तुझा आवाज आला की तशीच टाकून उठते. म्हणते, 'आई बोलावतेय.' मी म्हणते, अगं चहा तरी संपव. नाही. पायरीवर जाते, या शेडकडे तोंड करते आणि आवाज संपेपर्यंत उभी राहते. मी हाक मारली तरी मागे बघत नाही."

लीटियाच्या हाताला काहीतरी काम हवं होतं. तिने लाल पेटीवरची धूळ पुसली. तिथे धूळ नव्हती.

"माझ्या घरात दिवसाकाठी एकदाच 'आई' शब्द उच्चारते ती," ऊलायू म्हणाली. "दहा वाजता. आणि तो तुझ्यासाठी. मी दिली तिला, हे मी विसरलेले नाही, मागायलाही आले नाही. पण जळते मी, वहिनी. त्या भोंग्यावर जळते. आख्ख्या गावाला ऐकू जाईल असा आवाज आहे तुझ्याकडे. माझ्याकडे काय आहे? दोन वेण्या. त्याही तू सोडतेस."

लीटियाचा चेहरा तापला. खिशात तिच्या बोटांना लाल लोकर लागली. लाज वाटत होती, आणि त्या लाजेच्या खाली, कोणी पाहू नये अशा जागी, आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. पायरीवर उभी राहून ऐकते. आपलंच ऐकते. एवढे दिवस आपण त्याला रेंगाळणं समजत होतो. तिला ते वाक्य पुन्हा एकदा ऊलायूच्या तोंडून ऐकावंसं वाटलं, इतकी ती त्या क्षणी वाईट होती.

"आता कुठे आहे ती?"

"माझ्याकडेच. मोज्याचा अंगठा शिवतेय."

घड्याळाचा काटा दहावर आला. लीटियाचा हात सवयीने बटणाकडे गेला आणि मधेच थांबला. पुढे जे झालं ते तिने ठरवून केलं नाही. कदाचित पोट भरलेल्या माणसाला दुसऱ्याची भूक दिसते, तेवढंच ते असेल. तिने स्टूल ओढून पेटीखाली सरकवलं.

"ये. दाब."

"मी?"

"दाबून धर. पंधरा मोज आणि सोड."

ऊलायूने हात स्कर्टला पुसला. अंगठा ठेवला. छपरावरचा भोंगा घरघरला, मग आवाज चढत गेला, आणि किनाऱ्यावरची पोरं पांगू लागली. लीटियाच्या मनात पंधरा झाले. ऊलायूचे ओठ हलत नव्हते. ती काही मोजत नव्हतीच. ती निळ्या घराच्या दिशेने बघत होती, जिथे पायरीवर एक लहानशी आकृती येऊन उभी राहिली होती. वीस झाले. पंचवीस. लीटियाने तिचा हात काढला नाही. तिसाच्या पुढे ऊलायूचा अंगठा आपणहून उचलला गेला.

"घरी जा," लीटिया म्हणाली. "भाकरी राहू दे."

दोघी एकमेकींकडे न बघता दोन वाटांनी निघाल्या.

लीटिया घरी पोचली आणि चहा ओतेपर्यंत सैला आली. आज धावत आली असावी. गाल लाल, वेण्या दोन. लीटियाने वेण्यांकडे पाहिलं आणि नजर कपाकडे वळवली.

"आज तू नव्हतीस," सैला बूट काढायला वाकत म्हणाली.

"कशावरून?"

"तू पंधराला सोडतेस. मीही रोज मोजते, पायरीवर. आज पंधरा झाले, वीस झाले, तरी हात निघेचना. मला वाटलं तुला काही झालं." तिने एक बूट काढून भिंतीशी ठेवला. "कोण होतं?"

लीटियाला खोटं बोलता आलं असतं. नोआ होता, म्हणता आलं असतं, आणि पोरीने ते खरं मानलं असतं.

"तुझी आत्या."

सैला सरळ झाली. तिने बंद दाराकडे पाहिलं, मग लीटियाकडे.

"मग मला बोलावत कोण होतं?"

लीटियाने बशीत भाकरीचा तुकडा ठेवला. ऊलायूचीच भाकरी, अजून कोमट. उत्तर एका शब्दाचं होतं, रोजच्या हाकेतल्याच, आणि ते जिभेवर येऊन बसलं होतं, पण ऊलायूसाठी ते काही केल्या बाहेर पडत नव्हतं.

"चहा निवतोय, आई," ती म्हणाली.

पण पोरगी जागची हलली नाही. एका पायात बूट, दुसरा पाय मोकळा, ती दारापाशीच उभी राहिली.