न हलणारं गाव

२०११च्या मार्चात जपानातल्या त्सुकुबाची जमीन हलली आणि नीलकंठचा धीर सुटला तो सुटलाच. नद्यांच्या गाळावर संशोधन करणारा हा विद्वान त्यानंतर वर्षभर जगाला एकच प्रश्न विचारत होता, "तुमच्याकडे भूकंप होतो का?" अखेर ऑस्ट्रेलियातल्या नदीकाठच्या एका चिमुकल्या गावाने 'नाही' म्हटलं, वर नोकरीही दिली. मग काय, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! त्सुकुबातल्या प्रत्येक मराठी घरात त्या गावाच्या फोटोंची पारायणं झाली. एक रस्ता, एक बेकरी, एक नदी. लोक चिवडा खात माना डोलावत. घरातलं सामानही वाटून झालं. कुकर शेजारच्या प्रभावतीबाईंकडे गेला.

त्याची बायको विभा मात्र आतून खट्टू झाली होती. स्टेशनजवळच्या पाळणाघरात ती बाइतो, म्हणजे तासांवरचं काम, करायची, आणि तिथल्या ओकादा-सान तिला आता कायमची नोकरी देत होत्या. एवढं जपानी घोटून मिळवलेली ती तिची पहिली स्वतःची गोष्ट होती. सोमवारी उत्तर द्यायचं होतं.

"अगं, पोरं काय, तिथेही असतीलच की!" इति नीलकंठ.

शनिवारी प्रभावतीबाईंकडे निरोपाचं जेवण होतं. नेमकं त्याच सकाळी बातम्यांत ते गाव दिसलं. म्हणजे गावाची छपरं दिसली. बेकरीची पाटी तेवढी पाण्याच्या वर होती.

"पूर काय, येतो नि जातो," नीलकंठने श्रीखंड वाढून घेत मंडळींना समजावलं. "या विषयातला तज्ज्ञ आहे मी. जमीन हलत नाही, हे महत्त्वाचं!"

तेवढ्यात जमीन हलली. लहानसाच धक्का होता. विभाने कढईखालचा गॅस बंद केला, प्रभावतीबाईंनी टीव्हीला हात लावून धरला. "तीनचा असेल," "छे, दोनचा," असं म्हणत बाकीच्यांनी पुरी तोडली. नीलकंठ तेवढा मोज्यांनिशी, ताटासकट अंगणात पोहोचला होता.

विभाने गॅस पुन्हा पेटवला. आपला हात जरासुद्धा कापला नाही, याचं तिलाच नवल वाटलं. मग तिला इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

"रडू नकोस गं," म्हणत प्रभावतीबाई ओटीचं ताट घेऊन आल्या.

"काकू, निरोप नीलकंठला द्या," विभा पुरी तेलात सोडत म्हणाली. "मला माझा कुकर तेवढा परत द्या."