गार झालेला शोरबा

दरबाराचा दिवस होता. इस्तंबूलच्या राजवाड्यात, दुसऱ्या चौकात शोरब्याचे वाडगे मांडून झाले होते आणि वैसेल आचारी मुदपाकखान्याच्या दारात हात पुसत उभा होता. इशारा झाला की यनिचेरी, म्हणजे सुलतानाच्या खास फौजेतले शिपाई, धावत येऊन वाडग्यांवर तुटून पडायचे. सुलतानाचं अन्न गोड मानल्याची ती खूण.

आज इशारा झाला आणि कुणी जागचं हललं नाही.

शोरबा नाकारला म्हणजे बंड, हे वाड्यातल्या मांजरालाही ठाऊक होतं. आणि दुसऱ्या रांगेत त्याचा धाकटा भाऊ इल्यास उभा होता.

मुदपाकखान्याचे कारभारी मुहसिन आगा मागे येऊन थांबले. "खारट झालाय का रे?"

"नाही आगा, चाखलाय मी."

आगांचा चेहरा उतरला. ते लगबगीने वजिरांच्या दालनाकडे निघाले.

वैसेलला एका जागी उभं राहवेना. चुलीत लाकूड सारलं, परत ओढलं. शेवटी एक वाडगा भरून तो थेट चौकात गेला.

"इल्यास, दोन घोट घे."

इल्यासने नजर हलवली नाही. "दादा, आत जा."

"झालंय काय, ते तरी सांग."

"नव्या सरदाराने आमच्यातल्या म्हाताऱ्या हमजाला चाबकाने फोडलंय. पाणी मागितलं म्हणून. तो सरदार गेल्याशिवाय कुणी तोंड लावणार नाही."

"आणि तुझीच मान गेली तर? आईला काय सांगू?"

"सांग, भूक नव्हती."

शेजारचा मिशाळ शिपाई हसला. "आचारीबुवा, मांडीवर घेऊन भरवा की त्याला."

वैसेल परतला. तोवर आगाही आले होते. "कुणाशी बोलत होतास?"

"ओळखीचा नाही, आगा." बारा वर्षांच्या चाकरीत तो त्यांच्याशी पहिल्यांदाच खोटं बोलला.

दुपारची बांग झाली. शोरब्यावर चरबीची साय धरली. मग वजिरांचा माणूस पायऱ्यांवर आला आणि सरदाराला काढल्याचं त्याने पुकारलं. सगळी रांग धावत सुटली. इल्यासने गार शोरब्याचे दोन वाडगे उभ्याउभ्याच रिचवले.

"तुझ्या त्या अनोळखी माणसाला भूक बरीच आहे," आगा म्हणाले आणि आत गेले. पुढे त्यांनी तो विषय कधी काढला नाही.

वैसेल मात्र त्यानंतर दर दरबाराला दारात उभा राही. पावलं धावल्याचा आवाज कानी पडेपर्यंत त्याच्या घशाखाली पाणीही उतरत नसे.