माझा करकरणारा पाय

मी एक खुर्ची बोलतेय. घाबरू नका, कुणाचं गुपित फोडायला बसलेली नाही. मी राहते त्या खोलीत समुपदेशन चालतं. म्हणजे मन जड झालेली माणसं येतात, बोलतात आणि थोडी हलकी होऊन घरी जातात. आतलं बोलणं दाराबाहेर न्यायचं नाही, हा त्या खोलीचा पहिला नियम. तो मलाही लागू आहे. म्हणून या हकिकतीतली माणसं मी पार बदलून टाकली आहेत. ज्याला मी बसचालक म्हणेन तो शिंपी असेल, नाहीतर दातांचा डॉक्टरही असेल. शोधत बसू नका.

माझ्याविषयी मात्र सगळं खरं सांगते. जेवणाच्या टेबलाभोवतीच्या सहा खुर्च्यांतली मी सहावी. पाच बहिणी सुताराने निवांत घडवल्या, मला मात्र संध्याकाळी घाईघाईत उरकलं. माझ्या पुढच्या उजव्या पायाचं लाकूड पुरतं वाळलेलंच नव्हतं. पुढे ते आकसलं, सांधा सैल झाला आणि मला खोड लागली. कुणी मागे टेकून बसलं तर मी गप्प. पुढे झुकलं की करकर!

ज्या घरात आम्ही गेलो तिथे माझ्यावर बाबा बसायचे. बाबा मोठे प्रेमळ, पण उपदेशाची भारी हौस. मुलांच्या मार्कांवर किंवा केसांवर काही सांगायचं असलं की ते आधी पुढे झुकायचे. मी करकरले की धाकटी ताटात बघून म्हणायची, "आलं भाषण!" मग सगळं टेबल खदखदा हसायचं. बाबासुद्धा हसायचे, आणि हसून झालं की भाषण करायचेच. तेव्हापासून माझी खात्री पटली आहे की माणसाला ऐकायचं असतं तेव्हा तो कसाही बसतो, पण सांगायचं असलं की पुढे सरकतो.

मुलं मोठी झाली, घर बदललं, नवं टेबल आलं. आम्हा बहिणींची ताटातूट झाली. मी जुन्या सामानाच्या दुकानात एका मोडक्या कपाटाशेजारी दोन वर्षं धूळ खात पडले. पाठीवर लोक छत्र्या अडकवायचे, बसत कुणी नव्हतं. खरं सांगते, त्या दिवसांत मला माझ्या करकरीचीसुद्धा आठवण यायची.

तिथून मला ताईने उचललं. ताई म्हणजे नुकतीच शिकून आलेली समुपदेशक. एक छोटी खोली, एक खिडकी, भिंतीवर घड्याळ. येणाऱ्यांसाठी तिने मऊ, हातांची, नवी खुर्ची घेतली आणि स्वतःसाठी मला. मला तेव्हाच ती आवडली.

ताई हुशार होती आणि मनाने तर लोणी. तिचा एकच दोष होता. समोरच्याचं दुःख तिला बघवायचं नाही. त्याने दोन वाक्यं बोलायचा अवकाश, ही मदतीला धावलीच. म्हणजे पुढे झुकलीच. म्हणजे मी करकरलेच.

अशात एके दिवशी बसचालक आले. शाळेच्या बसचे चालक, पन्नाशीचे, मुलं त्यांना काका म्हणायची. महिन्यापूर्वी त्यांची बस रस्त्याकडेच्या दिव्याच्या खांबाला धडकली होती. बसमध्ये बावीस मुलं होती, पण कुणाला खरचटलंही नव्हतं. वेळेवर ब्रेक मारून मुलं वाचवली म्हणून शाळेने काकांना प्रशस्तिपत्र दिलं, बायकोने ते चौकटीत घालून भिंतीवर लावलं. आणि काकांनी स्टिअरिंगला हात लावणंच सोडलं. सुट्टीनंतर शाळा उघडायला सहा आठवडे होते. तोवर ते बसवर चढले नाहीत, तर बस दुसऱ्याकडे जाणार होती. बायकोने हातापाया पडून त्यांना पाठवलं होतं.

ताईने सुरुवात अगदी रीतसर केली. "इथलं बोलणं इथंच राहील, काका. कुणाच्या जिवाला धोका असेल तरच मला बाहेर सांगावं लागेल. आणि मी अजून शिकतेय. आपलं बोलणं रेकॉर्ड करून मला शिकवणाऱ्या थोरल्या बाईंना ऐकवलं तर चालेल? तुमचं नाव त्यांना कळणार नाही. नको असेल तर नाही म्हणा, काही बिघडत नाही."

"ऐकवा की," काका म्हणाले. "माझा आवाज काही गाण्यातला नाही."

इथवर ठीक होतं. मग काका म्हणाले, "सगळे शाबासकी देतात, पण मला..." आणि थांबले. ताई पुढे झुकली. करकर! "अशा प्रसंगानंतर भीती वाटणं साहजिक आहे, काका. आधी उभ्या बसमध्ये नुसतं बसून बघा." करकर! "मग रिकामी बस मैदानात फिरवा." करकर! "रोज सकाळी दीर्घ श्वास घ्या." सल्ले एकही वाईट नव्हते. काका "बरं ताई, बरं ताई" म्हणत राहिले आणि घड्याळाकडे बघत राहिले. पुढच्या वेळीही तेच. त्याच्या पुढच्या वेळी ते आलेच नाहीत. फोन आला, "पुढच्या आठवड्यात एकदा येतो, आता येणार नाही एवढं तोंडावर सांगायला."

तो अख्खा रिकामा तास ताई माझ्यावर बसून होती. "मला हे जमणारच नाही," असं ती मोठ्याने म्हणाली. ऐकायला मीच होते, आणि मला वाईट वाटलं.

दर पंधरवड्याला ताई आपल्या कामाची उजळणी करायला थोरल्या बाईंना बोलवायची. बाईंचा या कामात जन्म गेलेला. त्या दिवशी बाई माझ्यावर बसल्या आणि डोळे मिटून रेकॉर्डिंग ऐकू लागल्या.

"मागे हे काय वाजतंय गं?"

"खुर्ची आहे, बाई. उद्या सुताराला बोलावलंय."

बाईंनी रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि बोटांवर मोजायला सुरुवात केली. हाताची बोटं संपली तशा त्या हसू लागल्या.

"एकोणीस! अगं, ही वाजली की पुढचं वाक्य तुझं. एकदाही चुकत नाही. तो 'पण मला' म्हणून थांबला, ते पुढचं कुठं गेलं?"

ताईचा चेहरा पडला. "मी बोलले मध्ये."

"तू चांगलंच बोललीस. पण त्याला काय झालंय ते ऐकायच्या आधीच बोललीस. सुताराला येऊ नको म्हणून कळव. एवढी चांगली शिक्षिका तुला कुठं मिळणार?"

शिक्षिका! आयुष्यभर मी खोडकर म्हणून गाजले होते. त्या दिवशी आनंदाने माझे चारही पाय जमिनीवर नव्हते.

ठरल्या वेळी काका आले. ताई माझ्यावर फळीसारखी ताठ, पाठ गच्च टेकून बसली.

काकांनी जरा वेळ बघितलं. "ताई, पाठ धरलीय का?"

"नाही हो काका. पुढे न झुकायचा सराव करतेय. मागच्या वेळी मी फार बोलले. तुमचं ऐकायचं राहून गेलं, ते चुकलंच माझं."

काका चकित झाले. मग ते रुमालाच्या घड्या घालत बसले. ताईला राहवेना. ती झुकू लागली, मी "कर्र" केलं, ती मागे गेली. पुन्हा झुकली, पुन्हा "कर्र", पुन्हा मागे.

"आज तुमच्याऐवजी खुर्चीच बोलतेय," काका म्हणाले आणि किंचित हसले. हसता हसता त्यांचा चेहरा एकदम बदलला. "असाच हसत होतो मी, ताई. त्या वेळी. मागच्या बाकावरच्या दोन पोरांनी डबे डोक्यावर ठेवले होते टोपीसारखे. मी आरशात त्यांच्याकडे बघून हसत होतो. रस्त्याकडे लक्षच नव्हतं. खांब दिसला तेव्हा ब्रेक मारला. आणि लोक म्हणतात, काकांनी पोरं वाचवली."

ताईच्या ओठांवर आलेलं मला कळलं. 'अहो, चूक कुणाकडून होत नाही?' तिने ते गिळलं. मी तेव्हा करकरलेही नव्हते! तिचं तिनेच गिळलं.

"तुम्हाला आपली चूक माहीत आहे," ती हळूच म्हणाली, "आणि सगळे शाबासकी देताहेत."

"हो!" काका रडूच लागले. "हेच! ते प्रशस्तिपत्र रोज जेवताना समोर असतं. घास उतरत नाही."

ताईने त्यांना मनसोक्त रडू दिलं. मग विचारलं, "आता तुम्हाला काय करावंसं वाटतं?"

काकांनी रुमालाने तोंड पुसलं. "मोठ्या बाईंना, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिकांना, खरं सांगावंसं वाटतं. बस गेली तर गेली." दारापर्यंत जाऊन ते वळले. "पुढच्या आठवड्यात येतो हं."

आले, आणि दार उघडल्यापासून बोलतच आले. मुख्याध्यापिकांनी सगळं ऐकून घेतलं होतं, चांगलं फैलावर घेतलं होतं. मग त्यांनी आणि काकांनी मिळून तोडगा काढला. मुलांकडे बघायला बसमध्ये एक मावशी असतील, काकांनी फक्त रस्ता बघायचा. आधी दोन आठवडे रिकामी बस चालवून दाखवायची. "बोलणी खाल्ली, ताई, पण त्या दिवशी पोटभर जेवलो! बायकोने प्रशस्तिपत्र काढून चौकटीत आमचा लग्नातला फोटो लावलाय. त्यात मी फार बावळट दिसतो." आणि ते इतके खळखळून हसले की नवी खुर्चीसुद्धा हलली. ताई हसत हसत पुढे झुकली, मी करकरले, आणि दोघांचं हसू आणखी वाढलं.

निरोपाच्या दिवशी काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "हिला दुरुस्त करू नका बरं."

आता मी म्हातारी होत चालले आहे. माझा रंग उडाला आहे, पण करकर शाबूत आहे. ताईला तिची गरज क्वचितच लागते. तुम्हाला मात्र एक विनवणी करते. तुमच्यासमोर बसून कुणी "पण मला..." म्हणून थांबलं, तर क्षणभर मागे टेका. तुमची खुर्ची करकरत नसेल, तर हा त्रास तुम्हालाच घ्यावा लागेल.

रोज दुपारी साडेतीनला आमच्या खिडकीखालून एक गाडी जाते आणि दोनदा, अगदी हळू, हॉर्न वाजतो. ताई खिडकीशी जात नाही. मागे टेकते आणि हसते. आता तुम्ही म्हणाल, म्हणजे तो बसचालकच होता तर! मी काही बोलले नाही हं. मी फक्त करकरले.